सायरसची बरणी आणि तुमचा कप

मिस एस्टेल, शनिवारी चर्चमध्ये रँडीने तुम्हाला ‘गावाचा खजिना’ म्हटलं. त्याला दोन मिनिटं दिली होती, त्याने नऊ घेतली. गडद निळा सूट, छातीवर कमिटीचा बिल्ला, आणि चेहरा असा की तुम्हाला त्यानेच शोधून काढलंय. तुमच्या तीन पत्रांपैकी एकाचंही उत्तर न देणारा हा माणूस तुमच्या शवपेटीसमोर उभा राहून सांगत होता की एस्टेलच्या आवाजाला गावात फार मान होता. नुसतं ‘एस्टेल’. ऐंशी पार केलेल्या बाईला ‘मिस’ लावायला त्याची जीभ झिजत होती. माझ्या शेजारच्या पांढऱ्या कपड्यांतल्या बायका कागदी पंख्यांनी वारा घेत होत्या, ते पंखे एकदम थांबले. तुम्ही असतात तर चष्मा नाकावर खाली घेऊन नुसतं बघितलं असतंत, आणि त्याचा हात आपोआप शर्टाची बटणं तपासायला गेला असता.

मी रडले नाही. राग आला की मला रडू येत नाही. आणि राग एकट्या रँडीचा नव्हता. रँडी कोण लागून गेलाय? तुम्हाला या जगाकडून शेवटी एकच गोष्ट हवी होती, तुमच्या पणजोबांच्या, सायरसच्या शेजारची जागा. ती जागा हरवली आणि ती कोणी हरवली हे तुम्हाला सांगायचं माझ्याकडून राहून गेलं. दोन वर्षं राहून गेलं. आता लिहितेय, तेही मराठीत, म्हणजे तुम्हाला तसंही वाचता आलं नसतं. बघा, अजून पळवाटच शोधतेय.

आपली ओळख झाली ती मी तुमची बोलणी खाल्ली म्हणून. विलासला औषधांच्या कारखान्यात नोकरी लागली, कॅरी शहरातली घरं आवाक्याबाहेरची, म्हणून आम्ही पाऊण तास लांब या गावात भाड्याने राहायला आलो. दोन सिग्नल, अकरा चर्च आणि एक मराठी घर. माझा व्हिसा असा की नोकरी करायची नाही. नागपूरला कॉलेजात इतिहास शिकवणारी मी, इथे लायब्ररीत फुकट पुस्तकं लावू लागले. एकदा चरित्रांच्या कपाटात बागकामाचं पुस्तक लावलं. तुम्ही ते काढून माझ्या हातात दिलंत आणि विचारलंत, वाचता येतं ना? मी ठसक्यात सांगितलं, चार भाषांत येतं. तुम्ही म्हणालात, मग त्यातल्या एका तरी भाषेत नीट लावा. चाळीस वर्षं शाळेत पोरं वळवलेली बाई. त्या दिवसापासून मी तुमच्या वर्गात बसले.

खिडकीपाशी भिंग घेऊन तुम्ही जुनी वर्तमानपत्रं वाचत बसायचात, सायरसचा माग काढत. तुमच्या आईचे ते आजोबा. गुलामीत जन्मले, विशीत सुटले आणि पुढे उभं आयुष्य या गावाच्या विहिरी खोदल्या. गोऱ्यांच्या घरच्या, कोर्टाच्या आवारातली, मोठ्या चर्चमागची. वर्तमानपत्रात त्यांचं नाव तुम्हाला एकदाच सापडलं, तेही विहिरीच्या मालकाचं कौतुक संपल्यावर शेवटच्या ओळीत. बाकीचं सगळं तुमच्या आईने सांगितलेलं. ते कामावर निघताना चिनी मातीच्या बरणीत घरचं पाणी घेऊन निघायचे. विहीर त्यांनी खोदायची, पाणी लागलं की मालकाला हाक त्यांनीच मारायची, पण काठावर टांगलेलं ओगराळं त्यांच्या ओठाला लागता कामा नये. गोड पाण्यात कमरेइतका भिजलेला माणूस दोर धरून वर यायचा आणि आपल्या बरणीतलं कोमट पाणी प्यायचा.

हे ऐकून मी काय म्हटलं होतं, आठवतं? ‘हाउ टेरिबल.’ जशी काही मी चंद्रावरून उतरले होते. मिस एस्टेल, नागपूरला आमच्याकडे सखू यायची, संडास आणि मागचं अंगण धुवायला. तिचा कप मागच्या खिडकीत गजाबाहेर उपडा घातलेला असायचा, कान तुटलेला. आई चहा वरून ओतायची, किटली कपाला टेकू न देता. मी ते रोज बघायची. पुढे इतिहासात एम.ए. केलं, पोरांना अस्पृश्यतेवर नोट्स उतरवून दिल्या, परीक्षेला हमखास येणारा प्रश्न म्हणून. सखूचा कप मात्र कोणी आत आणला नाही. मीही नाही. तुम्हाला यातलं काही न सांगता मी नुसती हळहळले आणि पुस्तकं लावायला उठून गेले.

मग तुम्ही आमच्याकडे चहाला यायला लागलात. आल्याचा चहा तुम्हाला आवडायचा, फक्त साखर इतकी घ्यायचात की विलास चोरून बघत राहायचा. निळ्या फुलांचा एक मोठा कप होता, मी तुम्हाला त्यातच द्यायची. पाचव्या-सहाव्या खेपेला तुम्ही कप टेबलावर ठेवलात आणि शांतपणे विचारलंत, ‘या कपातून तुमच्या घरातलं दुसरं कोणी पितं का?’

कोणीच पीत नव्हतं. मी तो कौतुकाने बाजूला ठेवला होता, आईशप्पथ, पण बाजूला ठेवला होता हे खरंच. शेवटी मी तुमच्या समोरचा कप उचलला आणि तुमचा उरलेला चहा उष्टाच पिऊन टाकला. मग सखूची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून. तुम्ही सगळी ऐकून घेतलीत आणि विचारलंत, अजून चहा आहे का? माफ केलं वगैरे काही नाही, ती भाषा तुम्ही वापरतच नव्हतात. पण त्या दिवसापासून तो कप आपल्या दोघींचा झाला. तुम्ही नसताना मी त्यातून प्यायची, तुम्ही आलात की तुम्ही.

त्यानंतर गावाच्या स्थापनेचा सोहळा आला आणि रँडीला सायरस सापडले. रँडी घरं विकतो. आजकाल लोक जुन्या काळ्या माणसांच्या जागा बघायला येतात असं त्याला कोणीतरी सांगितलं असणार. लगेच कमिटी झाली. सात जण, सातही गोरे, आणि तुम्ही ‘सल्लागार’, म्हणजे मागच्या खुर्चीवर बसून कॉफी प्यायची. पाटीचा मजकूर तुम्ही लिहून नेलात, टाइप मी केला होता. गुलामीत जन्मलेले सायरस, गावाच्या विहिरी खोदणारे. गावाने आपल्या स्मशानात काळ्यांना जागा नाकारली तेव्हा घामाने मिळवलेली स्वतःची दोन एकर जमीन त्यांच्यासाठी देणारे. साधी, सरळ वाक्यं. एकही शब्द फुगवलेला नाही.

कमिटीने काय केलं? ‘अंकल सायरस, विश्वासू सेवक. यांनी आपल्या गावाची तहान भागवली.’ संपलं. गुलाम या शब्दाने म्हणे पर्यटक अस्वस्थ होतात. जमिनीचं लिहायला पाटीवर जागा नाही. हे सांगताना रँडीचा चेहरा इतका गोड होता की मला तो पुसून काढावासा वाटला. ‘अंकल’वर तर मीही फसले होते. मी म्हटलं, निदान काका तरी म्हणतायत. तुम्ही मला खाली बसवून समजावलंत की काळ्या माणसाला मिस्टर म्हणावं लागू नये म्हणून गोऱ्यांनी काढलेली ती सोय आहे. तुम्ही तीन मीटिंगा भांडलात. शेवटी त्यांनी ‘विश्वासू’ तेवढं काढलं, आणि केवढे उपकार केले अशा नजरेने तुमच्याकडे बघत राहिले.

पाटी लागण्याआधी सायरसनी दिलेलं ते स्मशान साफ करायचं होतं. रँडीने विचारलं, कोणी माणसं आणू शकेल का. आणि मी हात वर केला. मोठी आली समाजसेविका.

कॅरीतल्या आमच्या ग्रुपला मी ईमेल टाकली. तीसेक घरं, दरवर्षी कोणाच्या तरी गॅरेजमध्ये गणपती, हा आमचा ग्रुप. श्रमदान हा शब्द वाचून सगळ्यांच्या अंगात आलं. प्रशांत, जो ऑफिसात वीस माणसांचं प्रोजेक्ट चालवतो, त्याने स्मशानाचे चार झोन पाडले. एक्सेल शीट बनवली, प्रत्येक झोनला एक ओनर. शिवाय फोटोसाठी पिवळे टी-शर्ट असणारच. पोह्यांचे ट्रे, थर्मासमध्ये चहा, नकाशांचे प्रिंटआउट. त्या दिवशी तुम्हाला डोळ्याच्या डॉक्टरकडे जायचं होतं. तुम्ही आदल्या दिवशी फोन करून सांगितलं होतंत, मी अकराला येते, तोवर फक्त वाळकी पानं काढा, बाकी कशाला हात नको. मी हो म्हटलं.

मराठी माणसं आयुष्यात पहिल्यांदा वेळेआधी पोहोचली, मिस एस्टेल. सकाळी साडेसातला. पानं साडेनऊला संपली. आता तीस उत्साही माणसं, हातात ग्लोव्ह्ज, आणि करायला काही नाही. बाप्पा, याहून धोकादायक गोष्ट नाही. प्रशांत म्हणाला, चला, आता डीप क्लीनिंग. मी त्याला म्हणाले की मिस एस्टेलनी थांबायला सांगितलंय. तो म्हणाला, अगं, आजींना सरप्राइज देऊ यार.

तिथे दगड फार थोडे होते. बाकी कबरींवर काय होतं? फुटक्या बशा, कप, शिंपले, कंदिलाची काच, औषधाच्या बाटल्या, एक बंद पडलेलं घड्याळ. मध्ये मध्ये टोकदार पानांची झुडपं. ग्रुपमधली मीनल माझ्याकडे आली, हातात फुटकी बशी, आणि विचारलं, सुनंदा, हे काय आहे गं? तीस जणांत मी एकटी त्या गावात राहणारी. वर इतिहासाची प्राध्यापिका. मला माहीत नाही, एवढं म्हणायला काय जात होतं? पण मला माहीत नाही हे म्हणायला आम्हाला कोणी शिकवलेलंच नाही. मी म्हटलं, काही नाही, दारुडे टाकून जातात. झालं. एका वाक्यात दोन एकर साफ. झुडपं मुळासकट काढली, कारण ती टोचत होती.

आता ते सांगते जे तुम्हाला कधी सांगितलं नाही.

सीडरच्या झाडापाशी, कललेल्या दगडाच्या डाव्या अंगाला, एक पांढरी बरणी अर्धी मातीत रुतलेली होती. मला वाकता येईना म्हणून मी डावा हात झाडाला टेकला आणि उजव्या हाताने ती उपसली. उलटी केली तर माती भसकन खाली पडली. बुडाला भोक होतं. पडून फुटल्याचं नव्हे, मुद्दाम ठोकून पाडलेलं, गोल. बाबांच्या वेळी मी हट्टाने स्मशानात गेले होते. दादाच्या खांद्यावरच्या मडक्याला दगडाने पाडलेलं भोक मी या डोळ्यांनी पाहिलंय, पाण्याची धार त्याच्या पाठीवरून गळत होती. आणि सायरसच्या बरणीची गोष्ट तुम्ही मला सांगितलेली. मिस एस्टेल, मला कळलं होतं. पूर्ण नाही, पण क्षणभर नक्की कळलं की हा कचरा नाही. मेलेल्या माणसाचं शेवटचं भांडं आहे. आणि मी काय केलं? मीनल काळी पिशवी उघडून समोर उभी होती, तीस माणसं मागे काम करत होती, आणि थांबा, आपलं चुकलं, असं म्हणायची मला लाज वाटली. मी बरणी पिशवीत टाकली. ट्रक दहाला निघून गेला.

तुम्ही अकराला आलात. डोळ्यांत औषध घातलेलं, काळा चष्मा, काठी. प्रशांतने तुमचा हात धरून तुम्हाला आत आणलं आणि म्हणाला, बघा आजी, आता कसं चकाचक. सारवलेल्या अंगणासारखी नुसती माती होती सगळीकडे. तुम्ही चष्मा काढलात. मग माझ्याकडे वळून विचारलंत, ‘सायरसची बरणी कुठे आहे?’

मी म्हटलं, ‘बुडाला भोक पडलेली? नाही, तशी कोणाला दिसली नाही.’

तुम्ही माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलंत. मला वाटलं, डोळ्यांतल्या औषधामुळे.

मग मी तुम्हाला गाडीत घालून कचरा डेपोवर नेलं. फाटकावरचा माणूस आत सोडेना, शनिवारचा कचरा केव्हाच दाबून झाला होता. तुम्ही गाडीतच बसलात, पर्स मांडीवर, आणि समोर बघत मला सगळं सांगितलंत. माणूस गेला की त्याने शेवटी वापरलेलं भांडं त्याच्या मातीवर ठेवतात, फोडून, म्हणजे कोणी चोरत नाही आणि त्याच्या मागोमाग घरातलं दुसरं कोणी जात नाही. कोणाची बशी कुठली, हे घराघरांत ठाऊक असतं. ज्यांच्याकडे दगडाला पैसे नव्हते त्यांची तीच खूण. झुडपंसुद्धा लावलेली होती, उगवलेली नव्हती. तुमच्या आईने तुम्हाला लहानपणी बरणी दाखवून सांगितलं होतं, हिच्या डावीकडची जागा आपली. आई तिथे नाही, तिला शिकागोला पुरलं, कामाला गेली होती तिथे. म्हणून ती जागा आता तुमची होती.

तेव्हा मी तुमच्यावर चिडले. ऐका माझी हिंमत. मी म्हटलं, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत? तुम्ही म्हणालात, ‘तुम्ही पाटीबद्दल विचारत राहिलात. कबरींबद्दल एकदाही विचारलं नाहीत.’ त्यावर मी आजवर तुमच्याशी मनातल्या मनात भांडतेय. दर वेळी मीच हरते आणि दर वेळी पुन्हा सुरू करते.

पाटीचा समारंभ तर तुम्ही पाहिलातच. पाटी त्या दोन एकरांत नाहीच, रस्त्यापलीकडे पार्किंगमध्ये लावली, कारण बसने आलेल्यांना तिथून फोटो बरा येतो. ज्यांच्या वाडवडिलांनी ओगराळं शिवू दिलं नाही तेच लोक पाण्याच्या बाटल्या हातात घेऊन सायरसच्या कष्टांवर बोलत होते. आणि मग आमचा नंबर. स्मशान स्वच्छ केल्याबद्दल आमच्या ग्रुपला सर्टिफिकेट. सगळ्यांतर्फे घ्यायला मी. मी गेले, मिस एस्टेल. हिरव्या सिल्कची साडी नेसून गेले, घेतलं, रँडीशी हात मिळवला, फोटोत हसले. पहिल्या रांगेत तुम्ही टाळ्या वाजवत होतात. तो फोटो आमच्या गणपतीच्या स्मरणिकेत पान तीनवर आला, खाली लिहिलेलं, परक्या मातीशी जडलेलं नातं. ते वाचून प्रशांतच्या आईच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणे.

मी तुम्हाला घरी आणून फाडफाड बोलले. टाळ्या कशाला वाजवल्यात? तिथे बसलातच कशाला? उठून गेला असतात तर सगळ्या गावाला कळलं असतं. तुम्ही साखर ढवळत म्हणालात की पाटीवर त्यांचं नाव तरी आहे, आधी तेही नव्हतं. ‘मी उठून गेले असते तर तेवढंही कोणी वाचलं नसतं.’ मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण उठून जाण्याचा सल्ला देणारी मी सर्टिफिकेट पर्समध्ये घेऊन बसले होते, हे तुम्ही बोलून दाखवलं नाहीत.

आणि मग ती दोन वर्षं. दर महिन्याला एकदा तुम्ही म्हणायचात, मिस सुनंदा, जरा जाऊन येऊ. मी तुम्हाला न्यायची. तुम्ही काठीने माती टोचत हळूहळू चालायचात, कोपर माझ्या हातात. खुणा सगळ्या गेलेल्या, तुमच्या डोळ्यांना सगळीकडे एकच करडा रंग. तुम्ही विचारायचात, इथे असेल का? मी म्हणायची, असेल. पुढे जाऊन पुन्हा विचारायचात, की इथे? मी म्हणायची, असेलही. आणि सीडरपाशी आलं की तुम्ही नेहमी थांबायचात, दम लागला म्हणून, आणि म्हणायचात, ‘तुम्हाला काही आठवतं का?’ मी नाही म्हणायची. मला जागा वीतभरही न चुकता आठवत होती. झाडाची खरबरीत साल हाताला लागल्याचंसुद्धा आठवत होतं. पण जागा सांगायची तर ती मला कशी कळली हेही सांगावं लागलं असतं. म्हणून ऐंशी वर्षांच्या म्हातारीला मी काठीने माती टोचत फिरवली. रँडीला मी ढोंगी म्हणते. त्याने निदान तुमचा हात धरून ढोंग केलं नाही.

गेल्या सोमवारी तुमच्या भाच्याचा, डॅरिलचा, शार्लटहून फोन आला. तुम्ही गेलात हे मला त्याच्याकडून कळलं. तो म्हणाला, आंटीला तिथेच न्यायचंय, सायरसच्या डावीकडे, तसं तिने लिहून ठेवलंय. कमिटीने त्याला सांगितलं होतं की ते आता वारसास्थळ आहे, नवीन दफन नाही. त्याने चर्चच्या कपाटातून जमिनीचा कागद काढून रँडीच्या टेबलावर ठेवला. सायरसनी जमीन चर्चला दिली होती, गावाला नाही. रँडीचं तोंड तिथेच बंद झालं, ते थेट खजिना म्हणायलाच उघडलं.

मग डॅरिल म्हणाला, ‘खड्डा कुठे खणायचा ते तुम्ही दाखवाल, असं आंटी म्हणाली होती.’

मी म्हटलं, मला कसं ठाऊक असणार?

कागद उलगडल्याचा आवाज आला. वाचून दाखवत असावा. ‘आंटीने लिहिलंय, मी फक्त बरणी कुठे आहे एवढंच विचारलं होतं. बुडाला भोक आहे हे उचलल्याशिवाय कोणाला दिसत नाही. तिला जागा माहीत आहे. ती दाखवेल.’

म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. कचरा डेपोच्या फाटकावर ठाऊक होतं. टाळ्या वाजवताना ठाऊक होतं. महिन्यातून एकदा माझ्या हातात कोपर देऊन तुम्ही जागा शोधत नव्हतातच. मी कधी बोलते याची वाट बघत होतात. शाळेत चोरी केलेल्या पोराला वर्गाबाहेर नेऊन गप्प उभं करतात, तसं तुम्ही मला दर महिन्याला त्या झाडापाशी उभं केलंत, आणि मी चोवीस वेळा नाही म्हटलं. मिस एस्टेल, तुमचा मला राग येतो. एकदा तोंडावर विचारलं असतंत तर मी रडून मोकळी झाले असते. आणि तुमचे उपकार कसे फेडू? ‘ती दाखवेल’ असं लिहिलंत. चोवीस वेळा खोटं ऐकूनसुद्धा, ‘दाखवेल’.

मी दाखवली. शुक्रवारी सकाळी डॅरिल आणि खणणारे दोघं आले. मी डावा हात सीडरला टेकला, वाकले आणि उजव्या हाताने मातीवर बोट ठेवलं. त्यांनी लोखंडी सळई घालून बघितली, तिथली माती खोलवर भुसभुशीत निघाली. कबरीची माती वर्षानुवर्षं तशीच राहते म्हणे. डॅरिल माझ्याकडे बघत होता. मी त्याला सगळं सांगितलं, पिशवीपर्यंत. तो म्हणाला, यस मॅम, आणि डावीकडे माप घ्यायला वळला.

शनिवारी सगळे जेवायला हॉलमध्ये गेल्यावर मी मागे राहिले. पर्समधून निळ्या फुलांचा कप काढला. शेवटचा चहा तुम्ही त्यातूनच प्यायला होतात, तीन आठवड्यांपूर्वी, साखर कमी आहे अशी तक्रार करत. कललेल्या दगडावर तो उपडा धरला आणि दुसऱ्या दगडाने बुडावर मारला. पहिल्यांदा हात धजला नाही. दुसऱ्यांदा भोक पडलं, जरा वेडंवाकडं. तुमच्या मातीवर ठेवला. तेव्हा मला रडू आलं.

आज सकाळी प्रशांतची ईमेल आलीय. श्रमदान पुन्हा, येत्या शनिवारी, तीच जागा, कमिटीची खास विनंती. कबरींवर कोणीतरी वस्तू ठेवायला सुरुवात केलीय, वारसास्थळाच्या नियमात ते बसत नाही, वेळीच आवरलं पाहिजे. सोबत तीच जुनी एक्सेल शीट. सीडरचं झाड झोन बीमध्ये येतं. झोन बीची ओनर सुनंदा.

मी सगळ्यांना उत्तर टाकलंय की मी येतेय. सकाळी सातला, सगळ्यांच्या आधी, घडीची खुर्ची घेऊन, आणि तुमच्या पायाशी बसणार आहे. तीस जण पिवळे टी-शर्ट घालून आले, मीनल काळी पिशवी उघडून समोर उभी राहिली, आणि तिने विचारलं, सुनंदा, हे काय आहे गं, तर या वेळी मला उत्तर येतं. कप कोणाचा ते सांगेनच. पण त्याआधी, सगळ्यांसमोर, बरणी कोणी उचलली होती ते सांगणार आहे.